पशुवैद्यकांना शाश्वत शेतीचे प्रशिक्षण : चाकूर परिसराच्या संदर्भात

लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे जाताना वाटेत चाकूर लागते. तालुक्याच्या या गावापासून आग्नेयेस देवणी आणि ईशान्येस कंधार ही गावे फार दूर नाहीत. आणि मराठवाड्याच्या गोधनाला ज्यांनी आपली नावे दिली ती हीच दोन गावे होत. देवणी ही दूध आणि शेतकाम या दोहोंसाठी उपयोगी पडणारी जात. तिच्यातील पांढरा शुभ्र बालंक्या, तोंडाच्या बाजूंना काळा असणारा वानेरा आणि अंगभर काळे ठिपके वागविणारा शेवरा हे तीन प्रकार या भागातील शेतकरी लांबूनही ओळखतो. लाल कंधारी ही मध्यम बांध्याची, गडद तांबड्या रंगाची आणि मुख्यतः ओढकामाची जात. उदगीर तालुक्यातील हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या दोन्ही जातींची निवडक जनावरे आजही पाहावयास मिळतात.

ही जनावरे ज्या शेतीवर पोसली गेली ती शेती मात्र आता बदलली आहे. पूर्वी खरिपात आणि रब्बीतही ज्वारी हे या काळ्या जमिनीचे प्रमुख पीक होते. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा एकाच ताटातून मिळत असे. आज लातूर जिल्ह्याचा खरीप मुख्यत्वे सोयाबीनचा आहे आणि लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाते. शेतकऱ्याच्या हाती त्यामुळे रोख पैसा आला, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्वारीबरोबर कडब्याच्या गंजीही आटल्या, आणि त्यांची जागा मळणीयंत्रातून पडणाऱ्या सोयाबीनच्या भुसकटाने घेतली. हे भुसकट राठ असते आणि जनावर ते कडब्याइतक्या आवडीने खात नाही. कित्येक शिवारांत ते बांधावरच पडून राहते किंवा पेटविले जाते.

पशुवैद्यकाच्या दृष्टीने ही घटना साधी नाही. दावणीला बदल झाला की त्याचे परिणाम काही महिन्यांनी दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहतात. पण ते आजाराच्या रूपात येतात, चाऱ्याच्या रूपात नव्हे. त्यांचे मूळ शेतात आहे हे ओळखण्याची दृष्टी पशुवैद्यकाला मिळावी, हा शाश्वत शेतीच्या प्रशिक्षणाचा खरा हेतू होय.

साथरोगांपुढचे काम

मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्या काळापासून दीर्घकाळ भारतातील पशुवैद्यकाचे पहिले कर्तव्य साथीचे रोग थोपविणे हेच होते. बुळकांडी आली की गावेच्या गावे बैलांवाचून रिकामी होत आणि पेरणी खोळंबे. लसीकरणाच्या अखंड परिश्रमांमुळे २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले, आणि २०११ मध्ये बुळकांडीचे जगातूनच उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. गावोगाव बर्फाच्या पेटीतून लस घेऊन फिरलेल्या पशुधन पर्यवेक्षकांचा या यशात मोठा वाटा आहे, आणि त्याची जितकी नोंद व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही.

घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत यांच्याविरुद्धचे काम आजही चालू आहे. २०१९ मध्ये लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने राज्यभर थैमान घातले, तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवून गोवंशाला सरसकट लस टोचावी लागली. तथापि, साथ नसलेल्या एरवीच्या दिवशी दवाखान्यात येणारी जनावरे वेगळीच गाऱ्हाणी घेऊन येतात. गाय वारंवार उलटते. वासरू माती चाटते, चिंध्या चघळते. कासेला सूज येते, गोचीड हटत नाहीत. साथरोगावर लस आहे, परंतु या तक्रारींवर कोणतीही लस नाही.

रोगाचे मूळ शिवारात

जुन्या पिढीतील शेतकऱ्याला परिचित असलेले उदाहरण 'किराळ' लागण्याचे आहे. पावसाने ओढ दिली, कोवळी ज्वारी वीतभर वाढून खुंटली आणि अशा शेतात भुकेले जनावर शिरले, तर ते थोड्याच वेळात तडफडू लागते. खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य एकवटते हे त्याचे कारण. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वेळीच मिळाले तर जनावर वाचू शकते. परंतु ही ज्वारी फुलोऱ्यापूर्वी चारावयाची नाही, पावसाच्या ताणानंतर तर मुळीच नाही, हे ज्या गावाला माहीत आहे तेथे इंजेक्शनची वेळच येत नाही. येथे उपचार शिरेतून होतो, पण प्रतिबंध पीक पाहूनच करावा लागतो.

किराळ एका दुपारी दिसते. ज्याचा परिणाम सहा महिन्यांनी दिसतो त्याचे काय? समजा, एका शेतकऱ्याची गाय तीन वेळा भरवूनही गाभण राहिली नाही. केवळ दवाखान्यातील शिक्षण घेतलेला पशुवैद्यक गर्भाशय तपासील, प्रतिजैविक किंवा संप्रेरकाचे इंजेक्शन देईल आणि पुढच्या माजाला पुन्हा आणावयास सांगेल. यात चूक काही नाही. परंतु ती गाय दिवाळीपासून केवळ भुसकटावर असेल तर प्रश्न निराळा आहे. डाळवर्गीय पिकांच्या वाळल्या चाऱ्यात कॅल्शियम बऱ्यापैकी असते, पण स्फुरद फार कमी. स्फुरदाची उणीव आणि एकूण उपासमार यांमुळे माज पुसट होतो, गर्भधारणा लांबते. अशा गाईला गव्हाचा कोंडा, पेंड आणि खनिज मिश्रण यांची जोड मिळाली, तर पुढची अनेक इंजेक्शने वाचतात. 'गाय काय खाते?' हा प्रश्न 'गाय कधी माजावर आली?' या प्रश्नाइतकाच वैद्यकीय आहे.

सोयाबीनच्या प्रदेशात आणखी एक सावधगिरी शिकविली गेली पाहिजे. निकृष्ट वाळल्या चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करण्याची पद्धत परिचित आहे. १०० किलो गव्हाच्या काडावर ४ किलो युरियाचे पाणी थराथराने शिंपडून, ते २१ दिवस हवाबंद झाकून ठेवले की चारा मऊ आणि अधिक पचण्याजोगा होतो. सहा महिन्यांखालील वासरांना मात्र तो देऊ नये. आता, कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचे विघटन करणारे विकर असते. युरिया असलेल्या खाद्याबरोबर कच्चे सोयाबीन जनावराच्या पोटात गेले, तर अमोनिया वेगाने मुक्त होऊन विषबाधा होऊ शकते. ज्या घरात सोयाबीनची पोती दावणीशेजारीच रचलेली असतात त्या घराला युरियाची प्रक्रिया शिकविताना ही गोष्ट न सांगणे धोक्याचे आहे. दुसऱ्या प्रदेशासाठी लिहिलेली पुस्तिका येथे जशीच्या तशी वाचून दाखवून भागत नाही, ते यामुळेच.

गोचिडांचेही तसेच आहे. जनावराच्या अंगावर ती सुमारे तीन आठवडे राहते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळते आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते. औषध केवळ जनावराच्या अंगावर लावले, तर भिंतीतील पुढची पिढी शाबूत राहते आणि औषधाला दाद न देणारी गोचीड मात्र निवडून निवडून वाढते. फटी बुजविणे, गोठ्यातील शेणकूर वेळेवर उचलणे, कोंबड्यांना गोठ्यात वावरू देणे या गोष्टी औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

सुईतून शेतात

आतापर्यंत शेतातून जनावरात जाणाऱ्या गोष्टींचा विचार झाला. याच्या उलट दिशेचा प्रवास अधिक दुर्लक्षित आहे. पशुवैद्यकाने दिलेले औषध जनावराच्या शरीरातून शेणात, मुतात, दुधात आणि शेवटी मृत देहात उतरते व तेथून पुढे जाते.

याचे सर्वांत विदारक उदाहरण भारतीय उपखंडातच घडले. १९९० नंतरच्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. प्रथम एखाद्या साथीचा संशय घेतला गेला. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून कारण पुढे आले. ताप आणि वेदना यांवर जनावरांना सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करीत होते. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय उपलब्ध झाला. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

लंगडणाऱ्या बैलाला वेदनाशामक टोचणाऱ्या कोणाही वैद्यकाच्या मनात गिधाड मारण्याचा विचार नव्हता. त्याने आपले काम प्रामाणिकपणेच केले होते. परंतु गावाबाहेर पडलेले मेलेले जनावर काही तासांत फस्त करणारा पक्षी नाहीसा झाला, ते मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेले आणि गावाची स्वच्छता करणारी एक जुनी व्यवस्था मोडली. औषधाचा अभ्यास जनावराच्या बरे होण्यापाशी थांबविला, तर काय घडते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावयास नको.

जंतनाशकांविषयी अशीच जागरूकता हवी. आयव्हरमेक्टिन हे उपयुक्त औषध आहे, पण ते शेणातून काही आठवडे बाहेर पडत राहते आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक ठरते. शेणकिडा शेणाचे गोळे जमिनीत पुरतो, खत मातीत मिसळतो आणि माश्यांची वाढ रोखतो. या किड्याचे मोल ऑस्ट्रेलियाला मोठी किंमत मोजून कळले. तेथील मूळच्या शेणकिड्यांना गाईंचे शेण हाताळता येईना, कुरणे वाळल्या शेणाने झाकली गेली, माश्या बेसुमार झाल्या, आणि १९६८ पासून आफ्रिकेतून आणलेल्या किड्यांच्या जाती तेथे सोडाव्या लागल्या. आपल्याकडे हा मजूर बिनपगारी काम करीत आहे. शेणाची तपासणी करून गरज असलेल्या जनावरालाच जंतनाशक देणे, हा त्याला वाचविण्याचा सोपा मार्ग आहे.

प्रतिजैविकांची बाब सर्वांत निकडीची. कासदाहावर सडातून औषध सोडल्यावर, वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध विक्रीस पाठवू नये, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो; तो पाळण्यात नुकसान शेतकऱ्याचे होते, म्हणून तो मोडला जातो. कोलिस्टिन हे माणसांच्या दुर्धर जंतुसंसर्गावरील अखेरच्या फळीतील औषध. जनावरांच्या वाढीसाठी होणारा त्याचा वापर २०१९ मध्ये भारतात बंद करण्यात आला. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून कळपांना नित्याचा भाग म्हणून प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. नेदरलँड्सने तर २००९ नंतरच्या दशकात आपला पशुवैद्यकीय प्रतिजैविकांचा वापर ६० टक्क्यांहून अधिक कमी करून दाखविला. तेथे प्रत्येक गोठ्याला एक ठराविक पशुवैद्यक बांधून दिला जातो आणि तो त्या गोठ्याची आरोग्य योजना तयार करतो. एका तालुक्यात मोजके पशुधन विकास अधिकारी असताना ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे येणे शक्य नाही, पण गोठ्यावर जाऊन औषधाआधी योजना आखावयाची हे तिचे सूत्र उचलता येईल.

या संदर्भात परंपरागत उपचारांचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तामिळनाडूतील प्रा. पुण्यमूर्ती यांच्या कामाच्या आधाराने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहावरील एक साधा लेप देशभर पोहोचविला आहे : २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना यांचे वाटण. कास पिळून रिकामी करून धुतल्यावर हा लेप पातळ करून दिवसातून अनेक वेळा लावावयाचा असतो. तापाने फणफणलेल्या, चारा सोडलेल्या जनावराला मात्र वैद्यकाकडेच न्यावे. चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथ येथे औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेले वनस्पती बेट आहे. पशुवैद्यकांच्या प्रशिक्षणातील एक दिवस त्या टेकडीवर, जाणत्या गुराख्यांच्या सोबतीने घालविला जावा, हे उचित होय. मात्र तेथे ऐकलेली प्रत्येक गोष्ट खरी मानावयाची नाही. ती पारखून घेणे हेही त्याच दिवसाचे काम आहे.

नळकांडीतील निवड

कृत्रिम रेतनाच्या पात्रात, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात, निरनिराळ्या जातींच्या वळूंच्या रेतमात्रा शेजारी शेजारी असतात. त्यांतील कोणती मात्रा बाहेर काढावयाची हा निर्णय काही क्षणांत होतो आणि त्या शेताला पुढची दहा-बारा वर्षे बांधून टाकतो. बारमाही पाणी, हिरवा चारा आणि जवळ दूध संकलन केंद्र असलेल्या शेतकऱ्याने संकरित गाय पाळणे योग्यच आहे. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या देवणी गाईला त्याच्या केवळ हौसेखातर होल्स्टिनची मात्रा देणे, हे वैद्यकाने टाळावयास हवे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात ४० ते ६० लिटर पाणी रोज पिणारे जनावर कोणत्या उन्हाळ्यात कसे जगेल, हा प्रश्न रेतनाच्या दिवशीच विचारला गेला पाहिजे. शिवाय एकदा मूळ क्षेत्रातच देवणी आणि लाल कंधारीची सरमिसळ झाली की शुद्ध वळू मिळणे दुरापास्त होते. ट्रॅक्टरमुळे बैलाची गरज कमी झाल्याने लाल कंधारीवर तर दुहेरी संकट आहे.

प्रशिक्षण कसे असावे

साडेपाच वर्षांच्या पदवी शिक्षणात पशुपोषण, पशुप्रजनन आणि विस्तार शिक्षण हे विषय आहेतच. उणीव असते ती त्यांची शिवारात सांगड घालण्याची. चाकूरपासून जवळच उदगीर येथे १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते प्रथम मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आणि पुढे, २००० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आले. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि लातूरचे कृषी विज्ञान केंद्रही आवाक्यात आहेत. पिकाचा जाणकार आणि जनावराचा जाणकार एकाच बांधावर उभे राहून बोलतील, एवढी व्यवस्था या संस्थांच्या आधारे सहज करता येईल.

पहिला धडा चाऱ्याच्या हिशेबाचा असावा. ४०० किलो वजनाच्या गाईला वजनाच्या अडीच टक्के या प्रमाणात रोज १० किलो शुष्क चारा लागतो. म्हणजे वर्षाला साडेतीन टनांहून अधिक. दोन बैल आणि एक गाय असलेल्या घराला सुमारे ११ टन. आता त्या शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावरील पिकांतून किती कडबा, किती भुसकट, बांधावरून किती गवत निघते ते लिहावे. बहुतेक ठिकाणी बेरीज जमणार नाही, आणि तूट फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पडते असे दिसेल. नेमक्या त्याच महिन्यांत दवाखान्यात अशक्त जनावरे का वाढतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. या हिशेबानंतर मुरघास, बांधावरील शेवरी व सुबाभूळ, एक-दोन गुंठ्यांत बहुवर्षायू गवत, आणि रब्बीत थोडी तरी ज्वारी राखणे या सूचनांना अर्थ येतो. हिशेबाआधी दिलेल्या याच सूचना भिंतीवरच्या पत्रकासारख्या कोरड्या ठरतात.

शेणाचाही हिशेब घ्यावा. एक मोठे जनावर रोज १० ते १५ किलो शेण देते आणि दोन घनमीटरच्या गोबर गॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे असल्याखेरीज ते संयंत्र नीट चालणार नाही. ही गोष्ट अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वी शेतकऱ्याला सांगणारा मनुष्य बहुधा पशुवैद्यकच असू शकतो, कारण त्या गोठ्यात तोच वारंवार जातो.

पंचायत सदस्यांचा आणि शिक्षकांचा यात कोणता भाग आहे? गायरानावरील अतिक्रमण हा महसुलाचा विषय मानला जातो, परंतु तो पशुआरोग्याचाही आहे. शेळ्या, विशेषतः भूमिहीनांच्या उस्मानाबादी शेळ्या, त्याच जमिनीवर जगतात. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तयार होताना पशुधन पर्यवेक्षकाला बोलावून गावाच्या चाऱ्याची तूट आराखड्यात आकड्यांनिशी लिहून घेता येईल. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत चारा छावण्या उभाराव्या लागल्या होत्या. हा आकडा आधीच हाताशी असेल, तर छावणी कधी आणि किती जनावरांसाठी लागेल याचा अंदाज पौषातच बांधता येतो. शाळेतील सातवी-आठवीच्या मुलांना आपापल्या घरची जनावरे आणि चारा मोजून आणण्यास सांगितले, तर गणिताचा तास होतो आणि गावाची नोंदही.

प्रशिक्षण घेऊन परतलेल्या पशुवैद्यकाने पहिल्याच दिवशी करावयाचे काम फार लहान आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर मालकाचे नाव, जनावराची जात, वय, लक्षणे आणि औषधे यांसाठी जागा असते. तेथे आणखी दोन ओळी आखाव्यात : जनावर गेले तीन महिने काय खाते, आणि शेतात यंदा काय पेरले आहे. वर्षाअखेरीस या दोन ओळी पिकानुसार आणि महिन्यानुसार लावून पाहिल्या, की तालुक्यातील कोणता आजार कोणत्या शिवारातून येतो याचा नकाशा त्याच्या टेबलावरच तयार झालेला असेल.